जुन्या एंजिनातील नवी ताकद



जुन्या मोटारीचे एंजिन थोडक्या पैशात पुन्हा बांधून त्याची ताकद कशी वाढवतात, हा आजचा आपला विषय. तो ऐकून कोणी म्हणेल, ही शौकिनांची उठाठेव. आम्हां शेतकऱ्यांना आणि शिक्षकांना तिच्याशी काय करायचंय? पण जरा थांबा. बांधावरचा ट्रॅक्टर, विहिरीवरचे तेलाचे एंजिन, दारातली मोटारसायकल ही सारी एकाच गोत्रातली मंडळी. हवा आत घ्यायची, दाबायची, जाळायची आणि धूर बाहेर टाकायचा, हाच त्यांचा जन्मभराचा धंदा. तेव्हा एका घरातली गोष्ट नीट समजली की दुसऱ्या घरातही ती उपयोगी पडते.

ही गोष्ट आहे इंग्लंडातली. १९२२ साली सर हर्बर्ट ऑस्टिन यांनी बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिज येथील आपल्या कारखान्यातून एक चिमुकली मोटार बाजारात आणली. तिचे नाव ऑस्टिन सेव्हन. तिचे आराखडे काढण्यात त्यांच्या हाताशी होता स्टॅन्ली एज नावाचा अवघा अठरा वर्षांचा मुलगा. सामान्य माणसाला परवडणारी ही गाडी इतकी चालली की १९३९ पर्यंत तिचे सुमारे २,९०,००० नग तयार झाले. आज श्रीमंतांची गाडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जर्मनीच्या बी. एम. डब्ल्यू. कंपनीची पहिली मोटारही परवाना घेऊन बांधलेली हीच गाडी होती.

हिचे एंजिन चार सिलिंडरांचे. अगदी पहिल्या काही गाड्या सोडल्या तर त्याचे माप ७४७ घनसेंटिमीटर, आणि सुरुवातीची ताकद साडेदहा अश्वशक्ती. आता गंमत पाहा. आज गावोगाव दिसणारी १२५ घनसेंटिमीटरची मोटारसायकलसुद्धा जवळजवळ तेवढीच ताकद देते. म्हणजे पोट सहापट मोठे, पण काम सारखेच! असे का व्हावे? या एका प्रश्नात आजचा सारा विषय सामावलेला आहे.

एंजिनाची ताकद तीन गोष्टींवर ठरते. दर खेपेला ते किती हवा आत घेते, ही पहिली. ती हवा किती दाबून मग जाळते, ही दुसरी. आणि मिनिटाला अशा किती खेपा करते, ही तिसरी. पेट्रोलचे नाव मी मुद्दामच घेतले नाही. पेट्रोल वाटेल तेवढे ओतता येते; ते जाळायला हवा पुरली पाहिजे. चुलीत लाकडे कोंबली म्हणून जाळ होत नाही, फुंकर घालावी लागते, तसेच हे.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा इंग्लंडात पैशाची आणि मालाची टंचाई होती. मोटारशर्यतीची हौस मात्र तरुणांच्या अंगात होतीच. जुन्या ऑस्टिन सेव्हन गाड्या स्वस्तात मिळत. १९३९ साली निघालेल्या ‘सेव्हन फिफ्टी मोटर क्लब’ या मंडळाने युद्धानंतर एक शर्यतवर्ग ठरवला. एंजिन याच जुन्या गाडीचे हवे आणि हवा कोंबणारा पंप त्याला लावायचा नाही, अशी त्याची अट. ज्याचा खिसा हलका, त्यालाही शर्यतीत उतरता यावे, हा हेतू.

खिसा जड असला म्हणजे काय करता येते, तेही सांगतो. खुद्द ऑस्टिन कंपनीने १९३६ साली जवळजवळ याच मापाचे एक शर्यतीचे एंजिन बांधले होते. त्याची ताकद ११६ अश्वशक्ती! पण ते एंजिन सर्वस्वी नवे होते. जुन्याशी त्याचे नाते बहुतेक मापापुरतेच. ती वाट या पोरांना बंद होती. मग त्यांनी काय केले, ते क्रमाने पाहू. क्रमाने म्हणतो, कारण थोडक्या पैशाच्या कामात क्रम चुकला की पैसाही जातो आणि एंजिनही जाते.

पहिली पायरी : गळती थांबवणे. जुन्या एंजिनाची मूळची ताकदच पुरी मिळत नसते. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, सिलिंडर आतून घासून लंबगोल झालेला, व्हॉल्व्ह म्हणजे झडपा जळून त्यांच्या बैठकीवर नीट न बसणाऱ्या. दाबलेली हवा या फटींतून निसटते आणि तिच्याबरोबर ताकदही. फुटक्या घागरीने पाणी भरणाऱ्याने मोठी घागर आणण्याआधी भोक बुजवावे, हा साधा व्यवहार आहे. फट नेमकी कुठे आहे, हेही घरच्या घरी कळते. दाब मोजायचे घड्याळ प्लगच्या जागी लावून एंजिन फिरवावे आणि आकडा टिपून ठेवावा. मग सिलिंडरमध्ये चमचाभर वंगणतेल सोडून पुन्हा मोजावे. आकडा बराच वर चढला, तर दोष रिंगांचा किंवा सिलिंडरचा, कारण तेलाने ती फट तेवढ्यापुरती बुजवलेली असते. आकडा तिथेच राहिला, तर बहुधा झडपांचा. झडपा घासून बसवण्याचे काम थोडक्यात होते. सिलिंडर बोअर करून नवे पिस्टन घालायचे तर खर्च मोठा. म्हणून आधी परीक्षा, मग पाना!

दुसरी पायरी : श्वास मोकळा करणे. इथे एका तरुणाची ओळख करून देतो. त्याचे नाव कॉलिन चॅपमन, जन्म १९२८ चा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्याने एंजिनिअरिंगचे शिक्षण घेतले आणि १९४८ साली एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून आपली पहिली गाडी बांधली. या एंजिनात एक जन्मजात खोड होती. सिलिंडर चार, पण हवा आत जायची तोंडे दोनच. पहिल्या-दुसऱ्याला मिळून एक तोंड, तिसऱ्या-चौथ्याला मिळून दुसरे.

यात बिघडले काय? आपल्याकडचाच दाखला घ्या. दोघा भावांचा पाट एकच. धाकट्याची पाळी संपत आलीय, त्याचे दार अजून पुरते बंद झालेले नाही, तोच थोरल्याने आपले दार उघडले. पाणी धाकट्याकडे वेगाने धावत होते, ते मध्येच फुटले. एकाच्या वाफ्यात कमी, दुसऱ्याच्या वाफ्यात जास्त, आणि वर दोघांची कुरबुर! मग दोघेही घरी जातात, आणि पाट रिकामा पडून राहतो. ऑस्टिनच्या सिलिंडरांची पाळी एक, तीन, चार, दोन अशी येते. मांडून पाहा : दोननंतर लागलीच एक, आणि तीननंतर लागलीच चार. म्हणजे एकाच तोंडावरच्या दोघा शेजाऱ्यांची पाळी नेमकी पाठोपाठ येते, आणि हवेची अशीच ओढाताण होते.

चॅपमनने काय केले? पाटाच्या मधोमध बांध घातला! हवा आणणाऱ्या नळीत त्याने पातळ पत्र्याचे पडदे बसवले आणि ते थेट एंजिनाच्या तोंडात आत शिरतील असे पुढे काढले. दोन तोंडांची जणू चार तोंडे झाली. ज्याची वाट त्याला, ज्याचा वाटा त्याला. पत्र्याला खर्च तो केवढा! पण १९५१ च्या हंगामात त्याच्या ‘लोटस मार्क थ्री’ या गाडीने त्या वर्गात इतरांना पुढे जाऊच दिले नाही. शेवटी मंडळाने नियम बदलला आणि पडद्याला बंदी घातली. पुढच्याच वर्षी चॅपमनने लोटस कंपनी काढली. त्या नावाच्या गाड्यांनी १९६३ ते १९७८ या काळात फॉर्म्युला वन शर्यतींत बांधणाऱ्यांचे जगज्जेतेपद सात वेळा मिळवले. पत्र्याच्या त्या तुकड्यामागे पाहणे होते, विचार होता, पैसा नव्हता. आपल्याला एवढे चातुर्य नाही साधले तरी चालेल. हवेची जाळी साफ ठेवणे, नळीच्या जोडावर आत आलेली गॅस्केटची कड कापणे, तोंडाशी नळी नीट जुळवणे, एवढ्यानेही श्वास मोकळा होतो.

तिसरी पायरी : दाब वाढवणे. शिक्षकबंधूंनी फळ्यावर मांडावे असे हे गणित आहे. ऑस्टिनच्या एका सिलिंडरचे माप १८७ घनसेंटिमीटर. पिस्टन वर आला की वरच्या पोकळीत उरते सुमारे ४८. मग १८७ आणि ४८ मिळून २३५. भागिले ४८, म्हणजे ४.९. हे झाले दाबाचे प्रमाण. आता एंजिनाचे डोके लेथवाल्याकडून थोडे तासून घेतले आणि पोकळी ३६ वर आणली, तर तेच प्रमाण ६.२ होते. कागदावर पाहिले तर तेवढ्याच हवेतून आणि तेवढ्याच पेट्रोलातून सुमारे दहा टक्के काम जास्त मिळते. फुकटचा लाभ म्हणा ना!

पण याला दोन बेड्या आहेत. पेट्रोल हलके असले की जास्त दाबाने ते अवेळी भडकते आणि एंजिन आतून ठोकू लागते. इंग्लंडात १९५३ च्या सुरुवातीपर्यंत सर्वांना एकच हलक्या प्रतीचे पेट्रोल मिळे, त्यामुळे या पोरांचे हात बांधलेले होते. दुसरी बेडी या एंजिनाच्या रचनेची. त्याच्या झडपा सिलिंडरच्या शेजारी, खाली बसवलेल्या आहेत. हवा झडपेतून वर येते आणि डोक्याच्या पोकळीतून सिलिंडरवर जाते. पोकळी फार कमी केली की हवेची वाटच आवळते. एका हाताने दिले, दुसऱ्याने काढून घेतले! म्हणून बेताने.

चौथी आणि शेवटची पायरी : फेरे वाढवणे. मिनिटाला जास्त फेरे, जास्त खेपा, जास्त ताकद. हिशोब सोपा दिसतो, आणि हौशी माणूस नेमका इथूनच सुरुवात करतो. पण फेऱ्यांची किंमत वर्गाच्या हिशोबाने मोजावी लागते. चार हजारांवरून सहा हजारांवर गेलात, म्हणजे फेरे दीडपट झाले. पिस्टनच्या मागेपुढे होण्याचा ओढा मात्र सव्वादोनपट होतो. तो सगळा सोसायचा क्रँकने. आणि १९३६ पर्यंतच्या ऑस्टिनचा क्रँक फक्त दोन टोकांच्या दोन बेअरिंगांवर टेकलेला, मध्ये आधार नाही. वेगात तो मध्यभागी लवतो, आणि सोसवेनासे झाले की मोडतो. मोडला की एकटा जात नाही. पिस्टन, दांडा, कधी सारे एंजिनच बरोबर नेतो. तीन पायऱ्यांवर वाचवलेला पैसा चौथ्या पायरीवर एका क्षणात संपतो. जाणत्यांनी म्हणूनच आधी चांगला क्रँक मिळवला, वंगण दाबाने पोचेल अशी सोय केली, आणि मगच फेरे वाढवले.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ऑस्टिन सेव्हनचे ब्रेक तारेने ओढले जात, आणि ते मूळच्या वेगालाही जेमतेम पुरत. ताकद वाढली पण थांबणे तेवढेच राहिले, तर ती ताकद नव्हे, संकट आहे. आपल्याकडे तर रस्त्यावरच्या गाडीत असे फेरफार करण्यावर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने बंधने घातली आहेत. तेव्हा हौस असली तरी आधी कायदा विचारून घ्यावा.

तुमच्या दारचे एंजिन दमल्यासारखे वाटले, तर मोठे एंजिन घेण्याची घाई करू नका. एक वही घाला. दाबाचा आकडा, तेलाचा खप, धुराचा रंग महिन्याच्या महिन्याला टिपून ठेवा. एका वेळी एकच दुरुस्ती करा आणि पुन्हा मोजा. दोन एकदम केल्या तर गुण कशाचा आला ते कधीच कळत नाही. गुरुजींनी ही वही शाळेतल्या मोठ्या मुलांकडून भरून घ्यावी. वर्गाच्या नियमाला आणि गुणोत्तराला याहून बरे उदाहरण पुस्तकात सापडायचे नाही. आणि त्या मुलांपैकी एखादा उद्या विचारील, ‘गुरुजी, या नळीत हवा अडते कुठं?’ त्याला उत्तर सांगण्याची घाई करू नका. त्याच्या हातात पाना द्या आणि नळी खोलून पाहू द्या.