डोंगर किती वेळ देतो?

पाटण तालुक्याला संकटांची वाण नाही. भूकंप, दरड आणि पूर, तिन्ही एकाच कोयनेच्या खोऱ्यात. फरक इतकाच की सावध व्हायला प्रत्येक जण वेगळा वेळ देतो.

भूकंप अजिबात देत नाही. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे सव्वाचार वाजून गेलेले. ६.३ तीव्रतेच्या धक्क्याने कोयनानगर हादरलं आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. सुमारे १८० जीव गेले. दख्खनचं पठार तोवर स्थिर समजलं जाई. १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणात १९६२ पासून पाणी साठू लागलं होतं. त्या पाण्याचं वजन आणि भेगांत मुरणाऱ्या पाण्याचा दाब आधीच ताणलेल्या खडकाला निमित्त ठरतो, याचं कोयना हे आता जगभर दिलं जाणारं उदाहरण आहे. अभ्यासासाठी कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. गोठण्याला तर सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं. तरीही पुढचा धक्का कधी, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून तयारी घरातच करावी लागते: भिंतीच्या आरपार जाणारे दगड आणि दारं-खिडक्यांच्या वरून घराभोवती फिरणारा सलग काँक्रीटचा पट्टा.

पूर त्या मानाने सांगून येतो. धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी. दरवाजे उचलायचे ठरलं की नदीकाठाला इशारा जातो, क्युसेकचे आकडे मोबाइलवर फिरू लागतात. पाटणजवळचा मूळगावचा पूल पाण्याखाली जाणार, याचा अंदाज लोकांना आकडा ऐकूनच येतो. शेत जातं, पण गुरं सोडून वर जायला अवधी मिळतो.

खरी पंचाईत दरडीची.

२२ जुलै २०२१ च्या सकाळपासून २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री पाटणमधल्या आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथे डोंगर घरांवर आला. त्याच दिवशी घाटाखाली महाड तालुक्यातलं तळिये गाडलं गेलं. काळ्या कातळावर झिजलेल्या मातीचा जाड थर असतो. पाणी मुरत जातं, माती जड होते, कातळावरची तिची पकड सुटते आणि सगळा उतार एकदम खाली येतो.

पण त्याआधी डोंगर काही खुणा दाखवतो. परड्यात बोटभर भेग पडते. झऱ्याचं पाणी गढूळ होतं किंवा एकाएकी आटतं. झाडं, विजेचे खांब कलतात. काल सहज लागणारं दार आज चौकटीत अडकतं. या खुणा उजेडीच दिसतात. रात्री वीज नसते, मोबाइलला रेंज नसते, वाटेवर ओढा चढलेला असतो. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातलं माळीण गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. बाहेर ही बातमी पोचवली ती तिथे आलेल्या एसटीच्या चालकाने.

म्हणजे हलायचं ते दुपारीच. मात्र घर सोडा म्हटलं की डोंगरातला माणूस आधी विचारतो, म्हशींचं काय? पावसाळ्याआधी शाळेजवळ सपाटीला पत्र्याची शेड उभी करून चार दिवसांचा चारा भरून ठेवला, तर त्या प्रश्नापाशी अडलेलं घर दावणीसकट खाली उतरतं.