चावी कुणाकडे?



कोरेगावातल्या आपल्या सोसायटीचा हिशेब कीर्द-खतावणीतून संगणकावर आला, चांगलं झालं. पण एकच पासवर्ड तिघं-चौघं वापरत असतील, तर नोंद कुणी बदलली हे कळणार कसं?

बँकेत रीत साधी. व्हाउचर एकाने लिहायचं, दुसऱ्याने तपासून पास करायचं. तिजोरीच्या दोन चाव्या दोघांकडे. संगणक आला तरी तत्त्व तेच आहे. ते सुटलं की काय होतं, हे २०१८ साली पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाऊस शाखेने दाखवलं. एक अधिकारी वर्षानुवर्षे त्याच टेबलावर. हमीचे संदेश ‘स्विफ्ट’वरून परदेशी शाखांना गेले, पण ती यंत्रणा कोअर बँकिंगशी जोडलेली नव्हती. रक्कम हजारो कोटींची, आणि पुस्तकात नोंदच नाही!

म्हणून प्रत्येकाचा यूजर आयडी वेगळा ठेवा. हिशेबनिसाने नोंद करावी, खजिनदाराने मंजूर करावी, ऑडिटरला फक्त पाहता यावं. कमिटी बदलली की जुने आयडी त्याच दिवशी बंद करा.

यात अविश्वास कुणावरच नाही. उलट उद्या फरक निघालाच, तर प्रामाणिक माणसाकडे कुणी बोट दाखवणार नाही. सिंकिंग फंडात प्रत्येक घराचा पैसा आहे, एवढं लक्षात असू द्या.