साडेआठची नोंद



हवामानबदलावर पीएचडी करणाऱ्या मुलीला घरी, एसटीत, लग्नाच्या पंगतीत एकच प्रश्न विचारला जातो: ‘मग पुढं काय होणार?’ तुमच्या पाचगणीचा स्ट्रॉबेरीचा शेतकरी तोच प्रश्न नेमका करतो. रोपं लावून झाल्यावर ऑक्टोबरचा पाऊस झोडपणार का? मला उत्तर देता येत नाही. माझं काम कित्येक दशकांच्या कलाचं आहे, एका वाफ्याच्या एका हंगामाचं नाही. हे सांगताना समोरच्याचा चेहरा उतरतो आणि माझंही मन खचतं.

याहून खोल निराशा वेगळी आहे. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढलं, हे पुण्याच्या शास्त्रज्ञांनी २०२० च्या अहवालात मांडलं. अहवाल निघाला, धूर थांबला नाही. मग आपण आणखी एक आलेख काढून काय साधणार? माझ्या पिढीतल्या संशोधकांपैकी बऱ्याच जणांना हा प्रश्न रात्री झोपू देत नाही.

मला उभारी मिळाली ती या डोंगरात. महाबळेश्वरच्या पावसाच्या जेमतेम एक तृतीयांश पाऊस पाचगणीला पडतो आणि पसरणीचा घाट उतरून वाईला जावं तर त्याच्याही निम्मा. इतक्या थोड्या अंतरात इतका फरक! शिवाय पावसाळ्यात महाबळेश्वरला ढग जमिनीवरच उतरतो. विमान न उडवता त्याचे थेंब मोजता येतात, म्हणूनच पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २०१२ मध्ये तिथं ढगांची प्रयोगशाळा उभारली. थेंब धुळीच्या, धुराच्या, मिठाच्या सूक्ष्म कणांभोवती जमतो. कण वाढले की तेवढंच पाणी जास्त थेंबांत वाटलं जातं, थेंब बारीक राहतात आणि पाऊस व्हायला वेळ लागू शकतो. म्हणजे खालच्या शहरांचा धूर वरच्या ढगात शिरतो. मला हे ज्ञान निराश करत नाही, जागं ठेवतं.

आता २३ जुलै २०२१ ची सकाळ आठवा. महाबळेश्वरला आदल्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच पावसात सातारा जिल्ह्यात दरडी कोसळून माणसं गेली. कृष्णा आणि कोयना या दोन्ही नद्या महाबळेश्वरी उगम पावतात. इथलं पाणी सांगलीकरांच्या दारात जातं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती आणि तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ५९४ हा आकडा आज आपल्या हाती आहे, कारण तशा पावसातही सकाळी साडेआठला, रोजच्या ठरल्या वेळी, नोंद घेतली गेली. अशा नोंदींची रांग नसती तर ‘पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही’ हे आजोबांचं नुसतं म्हणणं उरलं असतं.

अशा नोंदींचं फळ किती उशिरा मिळतं पाहा. गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते. मान्सूनचा अंदाज बांधायला त्यांनी जगभरच्या दाबाच्या नोंदी गोळा केल्या आणि भारतीय कारकुनांकडून हाताने गणितं करवून घेतली. भरवशाचा अंदाज हाती आला नाही. पण दक्षिणेकडच्या महासागरांवरचा दाबाचा हेलकावा त्यांना सापडला. त्याचं प्रशांत महासागराच्या तापमानाशी असलेलं नातं हवामानशास्त्रज्ञ ब्यर्कनेस यांनी १९६९ मध्ये उलगडलं. तोवर वॉकर जाऊन अकरा वर्षं झाली होती. आज एल निनोची, म्हणजे प्रशांत महासागर तापल्याची, बातमी आपण ऐकतो ती त्या गणितांच्या जोरावर. त्या कारकुनांची नावं मला माहीत असती तर आज इथं मोठ्यानं घेतली असती. माझ्या हयातीत फळ दिसेल, हा हट्ट मी सोडला आणि काम पुन्हा गोड लागू लागलं.

एक मागणं मात्र आजच्या आज करते. पाचगणीत शाळांना तोटा नाही. महाबळेश्वर, भिलार, पाचगणी, वाई इथल्या प्रत्येक शाळेत एक साधं पर्जन्यमापक बसवा. मुलांनी रोज सकाळी साडेआठला वाचावं आणि वहीत लिहावं. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहावं, रकाना रिकामा सोडू नये. सुट्टीतल्या दिवसांची जबाबदारी आधीच वाटून घ्यावी, कारण नोंदी तुटतात त्या तिथंच. मापक कसं बसवायचं, झाडापासून किती लांब, हे दाखवायला मी स्वतः येईन.