कवी गोविंदांचे स्मरण आणि प्राथमिक शिक्षक

(साकीनाका, मुंबई उपनगर येथील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषणाचा मजकूर)



शाळेतील एखादे मूल दगावले म्हणजे त्याचे नाव पटावरून कमी करावे लागते. शेऱ्याच्या रकान्यात एक शब्द पडतो आणि पुढच्या महिन्यापासून हजेरी घेताना त्या जागी थांबण्याचे कारण उरत नाही. ते मूल अपंग असेल, तर हळहळणाऱ्यांच्या तोंडी बहुधा एकच वाक्य येते : ‘सुटला बिचारा.’ या वाक्यात कळवळा असतो, हे नाकारता येणार नाही. परंतु त्याच वाक्यात एक निवाडाही दडलेला असतो. गेलेल्याचे आयुष्य म्हणजे केवळ भोग होता, तो संपला, आणि त्याच्याविषयी याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही, असा तो निवाडा होय. तो कितपत न्याय्य आहे, याचा विचार करताना नाशिकच्या एका कवीचे स्मरण उपयोगी पडेल.

गोविंद त्र्यंबक दरेकर यांचा जन्म १८७४ साली नाशिक येथे झाला. घरची स्थिती सामान्य. वडील गवंडीकाम करीत. लहानपणीच्या आजारात गोविंदांचे पाय गेले. शालेय शिक्षणही बेताचेच झाले. गावात त्यांना ‘आबा पांगळे’ म्हणत. माणसाचे वैगुण्य हेच त्याचे उपनाव व्हावे, ही आपल्या समाजाची जुनी रीत आहे, आणि ती अद्याप पुरती गेलेली नाही, हे प्रत्येक वर्गशिक्षकाला ठाऊक आहे. पाय नसले तरी गोविंदांची जीभ आणि कान तयार होते. ते लावण्या रचीत. शब्दांवर त्यांची पकड होती, ठेक्याची जाण होती. मात्र या गुणाचा उपयोग घटकाभर करमणुकीपलीकडे काही असू शकेल, असे फारसे कोणाच्या ध्यानी आले नव्हते.

१९०० सालच्या सुमारास नाशिकच्या तिळभांडेश्वर गल्लीत काही तरुणांनी ‘मित्रमेळा’ नावाची संस्था सुरू केली. विनायक दामोदर सावरकर हे त्यांतील एक प्रमुख. सावरकरांचे वय तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे, तर गोविंद पंचविशीच्या घरातले. या मुलाने आपल्याहून वयाने थोर असलेल्या अपंग लावणीकारात एक राष्ट्रीय कवी पाहिला आणि त्यांना मित्रमेळ्यात ओढून घेतले. गणेशोत्सवात व शिवजयंतीच्या उत्सवात मेळ्याची मुले गाणी म्हणत. त्या मुलांना नवी पदे, नवे पोवाडे हवे होते. ते काम गोविंदांकडे आले. त्यांनी अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचला, ‘वेदान्ताचा पराक्रम’, ‘मुरली’ यांसारख्या कविता लिहिल्या. ज्याला स्वतःच्या पायांनी मिरवणुकीत चालता येत नव्हते, त्याची पदे मिरवणुकीतील शेकडो पायांना ताल देऊ लागली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मित्रमेळ्यातील तरुणांनी गोविंदांवर दया केली नाही, त्यांना काम दिले. दया करणारा देतो आणि दुसरा घेतो; तेथे दोघांत अंतर राहते. काम सांगताना मात्र ‘तुमच्यावाचून आमचे अडते’ असे कबूल करावे लागते. गोविंदांच्या आयुष्याला जे वळण लागले, ते या कबुलीमुळे लागले.

त्या कामाचे मोल सरकारनेही आपल्या परीने मान्य केले. संस्थेने पुढे ‘अभिनव भारत’ हे नाव घेतले. गोविंदांच्या कवितांचा समावेश असलेली पुस्तिका प्रसिद्ध केल्याच्या आरोपावरून गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकर यांना १९०९ साली जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. घरात खिळलेल्या एका माणसाच्या शब्दांनी साम्राज्याला एवढी धास्ती वाटावी, यातच त्या शब्दांचे सामर्थ्य दिसते. मित्रांची अशी पांगापांग झाली. त्यानंतरचा काळ गोविंदांना किती जड गेला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. तरीही त्यांचे लेखन थांबले नाही.

२८ फेब्रुवारी १९२६ रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, गोविंदांचे निधन झाले. विनायकराव सावरकर त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते. जिल्ह्याची हद्द ओलांडण्यास त्यांना मनाई होती. पुढे गोविंदांच्या कविता एकत्र करून त्यांचा संग्रह प्रसिद्ध करण्यात आला. त्यांच्या अखेरच्या काळातील कवितेचे नाव ‘सुंदर मी होणार’ असे आहे. मृत्यूने आपल्याला सौंदर्य लाभेल, असा तिचा भाव आहे.

वरवर वाचणारा म्हणेल, कवीनेच ‘सुटलो’ असे म्हटले. मग लोकांनी ‘सुटला’ म्हटले तर बिघडले कोठे? बिघडते ते असे. मरणाकडे आनंदाने पाहण्याचा अधिकार ज्याने आयुष्य पुरेपूर खर्च केले, त्याचा स्वतःचा आहे. काठावर उभे राहून पाहणाऱ्याने त्याच्या वतीने तो वापरणे, हे त्याच्या जगण्याचे मोल कमी करणे होय. गोविंदांच्या ओठी जी श्रद्धा होती, तीच दुसऱ्याच्या ओठी आली की सुटकेचा निःश्वास होते.

साकीनाक्याहून फारशा दूर नसलेल्या जोगेश्वरी-पार्ले भागात बालपण घालवलेले पु. ल. देशपांडे यांनी १९५८ साली आपल्या नाटकाला याच कवितेचे नाव दिले. त्यातील दीदी ही पांगळेपणाने खोलीत अडकलेली कवयित्री आहे. कवीच्या मृत्यूनंतर तीस-बत्तीस वर्षांनी त्याचे शब्द रंगभूमीवर जगण्याची उमेद होऊन आले. माणसाचे स्मरण राहते ते असे, त्याने दिलेले दुसऱ्याच्या कामी आल्यामुळे.

गोविंदांना त्यांच्या हयातीत ओळखणारे भेटले. सर्वांचेच भाग्य असे नसते. याच्या उलट बाजूचे एक उदाहरण अलीकडे नॉर्वे देशात घडले. तेथील मॅट्स स्टीन या तरुणाला स्नायू क्रमाक्रमाने दुबळे करणारा ड्युशेन नावाचा आजार होता. लहान वयातच चाकांची खुर्ची आली. पुढे त्याचा बहुतेक वेळ संगणकावरील एका खेळात जाऊ लागला, ज्यात जगभरचे लोक एकत्र येतात. आईवडिलांनी त्याची मनापासून शुश्रूषा केली. तथापि आपल्या मुलाला मित्र लाभले नाहीत, प्रेम लाभले नाही, तो कोणाच्या उपयोगी पडू शकला नाही, हे शल्य त्यांच्या मनात होते. २०१४ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो वारला. वडिलांनी त्याच्या निधनाची वार्ता त्याच्याच लेखनाच्या जागी प्रसिद्ध केली. आणि अनेक देशांतून पत्रे येऊ लागली. कोणाला त्याने नैराश्यातून सावरले होते. एक आई आपल्या स्वमग्न मुलाला जवळ घेऊ शकत नव्हती. खेळातून त्याच्याशी जवळीक साधण्याची वाट त्या मायलेकांना मॅट्सने दाखविली होती. अंत्यविधीला परदेशांतून मित्र आले. त्याच्या जीवनावर २०२४ साली एक अनुबोधपटही प्रदर्शित झाला. आईबापांना आपला मुलगा खऱ्या अर्थाने कळला, तो त्याला निरोप देताना.

नाशिक आणि नॉर्वे यांत काळाचे व अंतराचे अंतर मोठे आहे; पण दोन्ही कथांतून शिक्षकापुढे प्रश्न एकच उभा राहतो. मूल गेल्यावर त्याची थोरवी उमगणार, की ते समोर असताना?

साकीनाक्याच्या परिसरात हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. २०१४ साली येथे मेट्रो आली. स्थानकात उद्वाहक आहे, आणि चाकांच्या खुर्चीतील माणूस फलाटापर्यंत जाऊ शकतो. परंतु टेकडीच्या उतारावरील वस्तीतून, पायऱ्यापायऱ्यांच्या अरुंद गल्लीतून, छोट्या कारखान्यांच्या दारांतून आणि पावसाळ्यातील चिखलातून तो स्थानकापर्यंत कसा यावा? अशा वस्तीत एखादे मूल माळ्यावरच्या खोलीत दिवस काढते आणि शेजाऱ्यालाही त्याचा पत्ता नसतो.

कायद्याने आपले काम बरेचसे केले आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. १९९५ च्या कायद्यात ते ७ होते. लक्षणीय अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तीव्र अपंगत्व असल्यास घरी राहून शिकण्याचीही सोय २०१२ सालच्या दुरुस्तीने शिक्षण हक्क कायद्यात झाली. ‘अपंग’ या शब्दाच्या जागी शासनदरबारी ‘दिव्यांग’ हा शब्द आला. मात्र शब्द बदलल्याने दृष्टी आपोआप बदलत नाही. ‘आबा पांगळे’ म्हणणारा गाव आणि ‘दिव्यांग विद्यार्थी, संख्या एक’ असे लिहून तक्ता पुरा करणारी शाळा, यांत फरक पडावा, तर तो शिक्षकाच्या वागण्यानेच पडेल.

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. अशा मुलाला वर्गात काहीतरी खरे काम द्यावे. भित्तिपत्रकाची जुळणी, गोष्ट सांगणे, गाण्याची चाल लावणे, लहान मुलांचे पाढे ऐकणे, जे त्याला साधेल ते. पण ज्यावाचून वर्गाचे खरोखर अडेल असे. केवळ मन राखण्यासाठी दिलेले काम मुलांना चटकन ओळखू येते. घरी शिकणाऱ्या मुलाकडे वर्गातील सोबती आळीपाळीने पाठवावेत. जाताना त्यांनी अभ्यास न्यावा आणि येताना त्याचे म्हणणे आणावे. पालकांशी बोलताना मुलाला काय येत नाही, याबरोबरच त्याने आज काय केले, हेही सांगावे. आईबापांनाही आपले मूल वेळीच कळावे, हा त्याचा लाभ आहे.

इतके केल्यावरही कदाचित एखाद्या दिवशी पटावरून ते नाव कमी करावे लागेल, कारण काही आजारांपुढे आजही वैद्यकाचा पुरता इलाज चालत नाही. त्या दिवशी वर्ग रडेल. पण वर्गातील मुलांनी ‘सुटला बिचारा’ असे न म्हणता, ‘आता आमच्या गाण्याला चाल कोण लावणार?’ असे विचारले, तर त्या शाळेने त्याला जिवंतपणीच ओळखले होते, असे समजावे.