भाऊ, गाडी हळू घ्या!



आज बोलू मेळघाटच्या रस्त्याबद्दल. परतवाड्याहून घटांग, सेमाडोह, हरिसाल करत धारणीला जाणारा हा घाट. आपल्यापैकी कितीतरी जणींचं माहेर नाहीतर सासर याच बाजूला. पण आपण जंगलात शिरतो ते मोहफूल वेचायला, सरपणाला, नाहीतर एसटीत डुलक्या घेत. नुसतं बघायला म्हणून किती जणी गेलो?

या हिवाळ्यात आम्ही गटांनी ठरवलं, जायचंच. दर बैठकीला बचतीव्यतिरिक्त वीस-वीस रुपये बाजूला टाकले. 'जंगलात काय बघायचं?' असं घरोघरी ऐकून घेतलं आणि भाकरी बांधून निघालो.

मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ. १९७३ साली देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांत हे होतं. गुगामल राष्ट्रीय उद्यान याच्याच पोटात आहे. सिपना, गडगा, डोलार, खापरा, खंडू या पाच नद्या इथलं पाणी तापीला नेतात.

सेमाडोहला जिप्सीत बसलो. गाइडदादा कोरकू होते. त्यांनी गाडी बंद करायला लावली आणि म्हणाले, "आधी कान लावा." सांबर ओरडलं, झाडावरची वानरं खेकसली, की जवळपास वाघ-बिबट आहे असं समजायचं. वाघ काही दिसला नाही. पण सागाच्या फांदीवर रानपिंगळा दिसला. हे मूठभर घुबड ११३ वर्षं कुणाला सापडलं नव्हतं. १९९७ साली शहाद्याकडे पुन्हा दिसलं. मेळघाटातही त्याचं घर आहे.

परतताना मात्र भाड्याच्या गाडीचा वेग वाढला. अंधार पडत होता. आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "भाऊ, गाडी हळू घ्या." भाऊ कुरकुरले, पण वेग कमी केला. दोनच वळणं गेली आणि रस्त्यावर रानगव्यांचा कळप! गुडघ्यापर्यंत पांढरे पाय, सोबत दोन वासरं. यातला मोठा नर हजार किलोपर्यंत भरतो. त्या वेगात धडकलो असतो, तर वासरू वाचलं नसतं आणि आपणही नाही.

म्हणून सांगतो, गाडीत बसल्यावर बाईने गप्प बसायचं, ही सवय घाटात तरी सोडू. लग्नाला जाताना, दवाखान्यात जाताना, ड्रायव्हरला हळू चालवायला सांगू. शक्यतो उजेडातच घाट उतरू. वानरांना केळी, कुरकुरे टाकणार नाही. खाण्याच्या आशेने ती रस्त्यावर येतात आणि चाकाखाली जातात. प्लास्टिकच्या पिशव्या घरी परत आणू.

एक लक्षात ठेवा, गाभ्याच्या जंगलातली सफारी पावसाळ्यात बंद असते. तेव्हा दिवाळीनंतरचा बेत करा. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि वीस रुपयांपासून सुरुवात करा. जंगल आपल्या दाराशी आहे, ते बघायचा हक्कही आपला आहे.