मठांतली पुस्तके कुठे गेली?



इंग्लंडचा राजा आठवा हेन्री आपल्याला ठाऊक असतो तो त्याच्या सहा राण्यांमुळे. आज मी बोलणार आहे ते त्याच्या राज्यातल्या पुस्तकांविषयी.

१५३०च्या सुमारास हेन्रीला राणी कॅथरिनशी झालेले लग्न रद्द करून हवे होते आणि पोप काही केल्या ते रद्द करत नव्हता. तेव्हा राजाने पंडितांना कामाला लावले. पोपची सत्ता इंग्लंडच्या राजावर चालत नाही, याला जुन्या ग्रंथांत आधार सापडतो का, हे त्यांनी शोधायचे होते. जुने ग्रंथ मुख्यतः मठांत होते. राजाची माणसे लिंकनशायरमधल्या मठामठांतून फिरली, तिथल्या ग्रंथांच्या याद्या झाल्या, हव्या त्या नावांपुढे खुणा झाल्या आणि ती पुस्तके राजवाड्यात आली. १५३४ साली कायदा होऊन राजा स्वतःच इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख ठरला. मठांनी शतकानुशतके जपलेल्या ग्रंथांचा आधार घेऊन राजाने धर्मसत्ता मिळवली, आणि त्याच सत्तेच्या बळावर पुढच्या सहा वर्षांत त्याने मठच बुडवले.

१५३६ मध्ये वर्षाला २०० पौंडांपेक्षा कमी उत्पन्न असलेले मठ खालसा झाले. मग मोठ्यांची पाळी आली. मार्च १५४० मध्ये वॉल्थमचा मठ राजाच्या स्वाधीन झाला, तो शेवटचा. एकूण सुमारे ८०० मठ गेले. जमिनी, चांदीची भांडी, घंटा, एवढेच काय, छपरावरचे शिसेसुद्धा वजन करून सरकारजमा झाले. या मिळकतीचा कारभार पाहायला स्वतंत्र न्यायकचेरी उभी राहिली. पुस्तकांची मोजदाद मात्र क्वचितच झाली. शिशाला बाजारात भाव होता. जुन्या लॅटिन पोथीला नव्हता.

हे होत असताना एक माणूस इंग्लंडभर फिरत होता. त्याचे नाव जॉन लेलँड. मठांची ग्रंथालये तपासण्याचा राजाचा परवाना त्याला १५३३ मध्ये मिळाला होता. ग्लॅस्टनबरीच्या मठातले ग्रंथालय पाहून आपण उंबरठ्यावरच थबकलो, असे त्याने लिहून ठेवले आहे. इतकी प्राचीन ग्रंथसंपदा त्याने एका जागी पाहिली नव्हती. तिथल्या वृद्ध मठाधिपतीने, रिचर्ड व्हायटिंगने, त्याचे आदराने स्वागत केले होते. त्याच व्हायटिंगला १५३९च्या नोव्हेंबरात मठाशेजारच्या टेकडीवर फाशी दिली. ग्रंथालयाची पांगापांग झाली. लेलँडने १५३६ मध्ये राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याला कळवळून लिहिले होते की जर्मन विद्यार्थी येऊन आपल्या ग्रंथालयांतली पाने कापून नेत आहेत, तेव्हा ही पुस्तके निदान राजाच्या संग्रहासाठी तरी वाचवा. थोडी वाचलीही. पण एकट्या माणसाच्या आवाक्यातले हे काम नव्हते. १५४७ मध्ये लेलँडला वेड लागले आणि पाच वर्षांनी तो वारला. त्याच्या वेडाचे कारण मी सांगू शकत नाही. पण त्याच्या टिपणांत एकेका मठातल्या एकेका ग्रंथाचे नाव वाचताना मन फार जड होते.

बाकीच्या पुस्तकांचे काय झाले, ते जॉन बेल सांगतो. हा बेल आधी स्वतः मठवासी होता, पुढे कडवा प्रॉटेस्टंट झाला. मठ बुडाले याचे त्याला दुःख नव्हते, उलट समाधानच होते. म्हणूनच त्याची साक्ष मला सगळ्यांत मोलाची वाटते. लेलँडने राजाला दिलेला अहवाल त्याने १५४९ मध्ये छापून काढला आणि त्यात स्वतःचा संताप ओतला. लोकांनी मठांतल्या पोथ्यांच्या पानांनी मेणबत्तीचे स्टँड घासले, बूट पुसले. किराणा दुकानदारांनी आणि साबण विकणाऱ्यांनी पुड्या बांधायला पाने नेली. जहाजे भरभरून पुस्तके परदेशी बांधणीवाल्यांकडे गेली, कारण कातड्याची पाने नव्या पुस्तकांच्या बांधणीला उपयोगी पडत. एका व्यापाऱ्याने दोन उत्तम ग्रंथालये ४० शिलिंगांना विकत घेतली आणि दहा वर्षांहून अधिक काळ रद्दी म्हणून वापरली. तरी अजून पुष्कळ शिल्लक होती, असे बेल लिहितो. आपल्या देशाची ही बेअब्रू त्याला सहन होत नव्हती.

विद्यापीठेही सुटली नाहीत. १५३५ मध्ये राजाचे तपासनीस ऑक्सफर्डला गेले. त्यांनी पोपच्या धर्मकायद्याचे शिक्षण बंद केले आणि डन्स स्कोटससारख्या मध्ययुगीन तत्त्वज्ञांचे ग्रंथ बाद ठरवले. त्यांच्यापैकी रिचर्ड लेटन याने मोठ्या समाधानाने कळवले की न्यू कॉलेजच्या अंगणात स्कोटसची पाने वाऱ्यावर उडत होती आणि बकिंगहॅमशायरचा एक जमीनदार ती गोळा करत होता. त्याला ती हवी होती हरणांसाठी. शिकारीच्या वेळी हरणे रानाबाहेर जाऊ नयेत म्हणून बुजगावण्यासारखी टांगायला. स्कोटस ऑक्सफर्डमध्येच शिकवून गेलेला होता.

आणि तरीही हेन्रीला विद्येचा शत्रू म्हणता येत नाही. त्याच राजाने १५४० मध्ये केंब्रिजला ग्रीक, हिब्रू, धर्मशास्त्र, दिवाणी कायदा आणि वैद्यक यांची राजनियुक्त प्राध्यापकपदे निर्माण केली. १५४६ मध्ये ट्रिनिटी कॉलेज स्थापन केले, त्याच्या खर्चाला मठांची मिळकत उपयोगी पडली. त्याला विद्या हवी होती, पण आपल्या बाजूने बोलणारी.

पोथ्या गोळा करायला पुढे जे सरसावले, त्यांचेही स्वतःचे हेतू होते. एलिझाबेथ राणीचा आर्चबिशप मॅथ्यू पार्कर याला सिद्ध करायचे होते की इंग्लंडचे चर्च रोमपासून निराळे, जुने आणि शुद्ध होते. १५६८ मध्ये राणीच्या सल्लागार मंडळाच्या, म्हणजे प्रिव्ही कौन्सिलच्या, पत्राच्या बळावर त्याने जुन्या पोथ्या मागवल्या. अँग्लो-सॅक्सन, म्हणजे जुनी इंग्रजी भाषा तेव्हा जवळजवळ कोणाला वाचता येत नव्हती. त्याच्या आश्रयाखालच्या मंडळींनी ती शिकून घेतली. जॉन डे या छापखानेवाल्याने त्यासाठी नवे टाईप पाडले. पार्कर पोथ्यांवर लाल खडूने खुणा करी, कधी पानेही हलवी. आजच्या अभ्यासकांना ते खटकते, आणि खटकावेच. पण सहाव्या शतकातली शुभवर्तमानाची पोथी आणि अँग्लो-सॅक्सन बखरीची सर्वांत जुनी प्रत केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजात आज शाबूत आहेत, त्या त्याच्यामुळे. देणगी देताना त्याने अट घातली: दरवर्षी दुसऱ्या दोन कॉलेजांच्या माणसांनी पोथ्या तपासायच्या, आणि ठरावीक संख्येपेक्षा जास्त हरवल्या तर सगळा संग्रह शेजारच्या कॉलेजाकडे जाईल. पुस्तकांचे हाल पाहिलेल्या पिढीलाच अशी अट सुचते.

ऑक्सफर्डचे विद्यापीठ-ग्रंथालय तर पुरते उजाड झाले होते. पंधराव्या शतकात ड्यूक हम्फ्रीने दिलेले ग्रंथ गेले, आणि १५५६ मध्ये विद्यापीठाने रिकामी बाकेही विकून टाकली. तिथे शिकलेला थॉमस बॉडली लहानपणी आईवडिलांबरोबर जिनिव्हात निर्वासित होता. मेरी राणीच्या कॅथलिक राजवटीत प्रॉटेस्टंटांना देश सोडावा लागला होता. एलिझाबेथच्या काळात पारडे फिरले.   बॉडलीने १५९८ मध्ये स्वखर्चाने ग्रंथालय पुन्हा उभारण्याची तयारी विद्यापीठाला कळवली, आणि ८ नोव्हेंबर १६०२ रोजी ते उघडले. १६१० मध्ये त्याने लंडनच्या पुस्तक-व्यावसायिकांच्या संघाशी करार केला, की त्यांच्याकडे छापलेल्या प्रत्येक नव्या पुस्तकाची एक प्रत ग्रंथालयाला मिळावी. आणि एक नियम पक्का केला: पुस्तक बाहेर जाणार नाही.

१६४५ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धामुळे राजा पहिल्या चार्ल्सचा मुक्काम ऑक्सफर्डमध्येच होता. त्याला एक फ्रेंच इतिहासग्रंथ वाचायला हवा होता; त्याने तो मागवला. ग्रंथपाल जॉन राउस ग्रंथालयाचे नियम घेऊन राजापुढे गेला आणि पुस्तक देता येत नाही, असे त्याने सांगितले. राजाने नियम पाहिला आणि आपली मागणी मागे घेतली. पुढच्या वर्षी पार्लमेंटच्या फौजेने शहर घेतले, तेव्हा सेनापती फेअरफॅक्सने ग्रंथालयावर आपला पहारा बसवला. १६५४ मध्ये देशाचा तेव्हाचा सत्ताधीश ऑलिव्हर क्रॉमवेल याने एका परदेशी राजदूतासाठी हस्तलिखित मागवले, तेव्हा त्यालाही नकारच मिळाला, आणि त्यानेही तो मानला.