‘बरी झाली’ म्हणजे नेमकं काय?

(नागपूर येथे स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या आरोग्य शिबिरातील भाषणाचा मजकूर)



बाईच्या आरोग्याबद्दल बोलायला बसलो की आपलं बोलणं बहुतेक वेळा गर्भाशयापाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. बाळंतपण, गर्भपात, नसबंदी, अंगावरून जाणं. हे विषय महत्त्वाचे आहेतच. त्यांच्यासाठी आपल्या आधीच्या कार्यकर्त्यांनी मोर्चे काढले, कोर्टकचेऱ्या केल्या. पण बाईला खांदाही असतो आणि तोही दुखतो. त्याचं राजकारण मला माझ्याच खांद्यामुळे कळलं, म्हणून थोडं स्वतःबद्दल सांगते.

मी वेटलिफ्टिंग करते. पदकासाठी नाही. दिवसभर वस्तीत, पोलीस ठाण्यात, कोर्टात फिरून झालं की संध्याकाळचा एक तास माझा असतो. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर माझी गाडी घसरली, मी उजव्या हातावर पडले. खांद्यातला एक स्नायूबंध अर्धवट फाटला. रात्री त्या कुशीवर झोपता येईना, केस विंचरायला हात वर जाईना. अडीच महिन्यांनी तपासायला गेले तेव्हा डॉक्टरांनी हात थोडा वर-खाली करून पाहिला आणि विचारलं, “पोळ्या लाटता येतात ना? मग झालात तुम्ही बऱ्या.” मी म्हटलं, मला वजन डोक्यावर उचलायचं आहे. ते हसले. म्हणाले, “आता कशाला ते? सोडून द्या.” त्याच बाकावर एक तरुण बसला होता, त्याचाही खांदाच होता. त्याला मात्र त्यांनी पुन्हा गोलंदाजी कधी सुरू करायची याचं वेळापत्रक लिहून दिलं.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात आहे. बाई बरी झाली हे ठरवायचं कशावरून? घरच्यांना पोळी मिळू लागली यावरून, की तिला स्वतःला जे करायचं आहे ते करता येऊ लागलं यावरून?

घरी, शेजारी, नात्यात सगळ्यांनी मला एकच सल्ला दिला: वजन उचलू नकोस. पण यातल्या कोणीही माझ्या हातातला सिलिंडर घेतला नाही. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन जवळजवळ तेवढंच. म्हणजे भरलेला सिलिंडर सुमारे ३० किलो. पंधरा लिटरचा भरलेला गुंड म्हणजे नुसतं पाणीच १५ किलो. स्पर्धेत बायकांसाठी जो लोखंडी दांडा असतो, तो नेमका १५ किलोचा असतो. पुरुषांचा २० किलोचा. खेड्यातली बाई रोज सकाळी तो दांडा डोक्यावर घेऊन नदी-विहिरीवरून येते, त्याला कुणी वजन म्हणत नाही. तेच वजन तिने आपल्या हौसेने, आपल्या ताकदीसाठी उचललं की मात्र ते ‘बाईच्या शरीराला झेपत नाही’.

आपल्या नागपूरचंच उदाहरण घ्या. जाईबाई चौधरी पोटासाठी नागपूर-कामठी हमाली करत, डोक्यावर ओझं वाहत. त्याच जाईबाई शिकल्या आणि १९२२ साली त्यांनी नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात दलित चळवळीतल्या अशा स्त्रिया भेटतात. दलित, आदिवासी, कष्टकरी बाईच्या डोक्यावरचं ओझं समाजाला कधीच खुपलं नाही. ‘नाजूक स्त्री’ ही कल्पना तिच्यासाठी कधी वापरलीच गेली नाही. आजही बांधकामावरची रेजा घमेली वाहते आणि तिची मजुरी मिस्त्रीपेक्षा कमी असते.

कायद्यानेही हा विषय अर्धाच पाहिला. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३४ व्या कलमाने पुरुष, स्त्रिया आणि लहान वयाचे कामगार यांनी किती वजन उचलावं याची मर्यादा ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला. ते कारखान्यात. विहिरीवर, शेतात, चुलीपाशी कसली मर्यादा? २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण धुणीभांडी करणाऱ्या बाईचा खांदा धरला तर तिला पगारी रजा त्यातून मिळाली नाही. तिला विश्रांती म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे काम जाणं.

आता खेळाकडे वळू. बायकांची पहिली जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धा १९८७ साली झाली. ऑलिंपिकचं दार त्यांना २००० साली, सिडनीत उघडलं. त्याच वर्षी कर्णम मल्लेश्वरीने ६९ किलो गटात २४० किलो उचलून कांस्यपदक आणलं. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. मे २०२२ मध्ये वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने ग्रीसमध्ये ज्युनिअर जागतिक स्पर्धेत ४५ किलो गटात १५३ किलो उचलून सुवर्ण मिळवलं. असं सुवर्ण याआधी कुणाही भारतीयाने मिळवलं नव्हतं. त्यानंतर लगेचच, जूनमध्ये, सांगलीच्या काजोल सरगरने ‘खेलो इंडिया’ स्पर्धेत ४० किलो गटात सुवर्ण घेतलं. आपल्याच राज्यातल्या या मुली आहेत.

आणि मीराबाई चानू. मणिपूरच्या खेड्यात लहानपणी सरपणाच्या मोळ्या वाहणारी ही मुलगी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये क्लीन अँड जर्कच्या तिन्ही प्रयत्नांत अपयशी ठरली. २०१७ साली ती जगज्जेती झाली. २०१८ मध्ये कंबर दुखावली, पुढे खांद्याने त्रास दिला. २०२० साली ती अमेरिकेत जाऊन फिजिओथेरपिस्ट ॲरन हॉर्शिग यांच्याकडे खांदा आणि पाठ यांवर काम करून आली. एप्रिल २०२१ मध्ये तिने ११९ किलोचा क्लीन अँड जर्क करून जागतिक विक्रम केला आणि जुलैमध्ये टोकियोत ४९ किलो गटात २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळवलं. या गोष्टीतला जिद्दीचा भाग वर्तमानपत्रांनी सांगितला. मला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो.  तिच्यासाठी तज्ज्ञ, वेळ आणि सरकारी पैसा उभा राहिला. असं पाठबळ मिळालं तर दुखावलेला खांदाही जगज्जेत्याचा भार पेलतो. मग आपल्या वस्तीतल्या बाईला याचा शंभरावा हिस्सा का मिळू नये?

खांदा बरा कसा होतो, तेही समजून घेऊ. बशीवर लिंबू ठेवावं तशी खांद्याची रचना असते. खोबण उथळ, म्हणून हात सगळीकडे फिरतो आणि म्हणूनच तो लवकर दुखावतो. ते लिंबू बशीवर धरून ठेवणारे चार छोटे स्नायू आहेत, त्यांना रोटेटर कफ म्हणतात. त्यांचे बंध ताणले किंवा फाटले की हात बाजूने वर नेताना मध्येच कळ येते, रात्री दुखणं वाढतं. दोरीवर कपडे वाळत घालणं, फळीवरचा डबा काढणं नको होतं. दुसरं दुखणं म्हणजे खांदा आखडणं, फ्रोझन शोल्डर. ते चाळिशी ते साठीत, बायकांत आणि मधुमेह असणाऱ्यांत जास्त दिसतं.

दोन्ही टोकं वाईट. दुखतंय तरी रेटत राहणं वाईट आणि महिनोन् महिने हात गळ्यात बांधून ठेवणंही वाईट, कारण स्नायू वाळतात आणि सांधा आखडतो. बहुतेक खांदे शस्त्रक्रियेविना, नेमाने केलेल्या व्यायामाने सुधारतात, पण त्याला आठवडे नव्हे, महिने लागतात. माझा क्रम असा होता. आधी वाकून, हात लोंबता ठेवून छोटे गोल फिरवणं. मग भिंतीवर बोटं चालवत हात वर नेणं. मग कोपर बरगडीला टेकवून भिंतीवर हाताने दाब देणं. त्यानंतर रबर ओढणं, त्याला सायकलची जुनी ट्यूबही चालते. मग अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. चौथ्या महिन्यात मी पुन्हा दांड्याला हात लावला, तोही खांद्याच्या खालीच. सातव्या महिन्यात रिकामा दांडा डोक्यावर नेला. दहाव्या महिन्यात २५ किलो. पडण्याआधी मी ३० उचलत होते. नियम एकच होता: व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर एक पायरी मागे.

काही खुणा मात्र घरी बसायच्या नाहीत. पडल्यावर हात उचलताच येत नसेल, खांद्याचा आकार बदलला असेल, हात बधिर झाला असेल किंवा ताप असेल तर लगेच दवाखाना. डाव्या खांद्याच्या कळेबरोबर छातीत दाब, घाम, धाप असेल तर ते हृदयाचं असू शकतं, थांबू नका.

आणखी एक गोष्ट, आपल्या कामातली. निखळलेला, पिरगळलेला खांदा घेऊन बाई येते आणि म्हणते, “मोरीत पाय घसरला.” तिला एकटीला बसवून विचारा. हात मुरगळून मागे ओढणं ही मारहाणीची जुनी रीत आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या ७ व्या कलमानुसार अशा बाईच्या किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याच्या विनंतीवरून दवाखान्याने उपचार द्यायलाच हवेत.

मग आपण काय करायचं? माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, आरोग्य शिबिरात रक्तदाब आणि हिमोग्लोबिनबरोबर प्रत्येक बाईला विचारा: हात डोक्यावर जातो का? रात्री दुखतो का? दुसरी, सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपीची सोय असते, पण रोजंदारीच्या बाईला सकाळची वेळ परवडत नाही. संध्याकाळच्या वेळेची मागणी आपण लेखी द्यायला हवी. तिसरी सगळ्यात अवघड आहे. घरात बैठक घ्या आणि बाईचा हात दुखावलेला असताना पाणी, धुणं, सिलिंडर, कणिक कोण करणार हे नावानिशी ठरवा. माझ्या अनुभवात व्यायामाच्या कागदापेक्षा हा कागद मिळवायला जास्त भांडावं लागतं. व्यायाम दिवसातून पंधरा मिनिटं असतो, ओझं उरलेला दिवसभर असतं.

सगळ्यांनी वेटलिफ्टिंग करावं असं माझं म्हणणं नाही. कुणाला सायकल चालवायची असेल, कुणाला ढोल वाजवायचा असेल, कुणाला नातवाला उचलून फिरवायचं असेल. पण डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा ‘मला काय करता यायला हवं आहे’ हे आधी सांगा आणि ते येईपर्यंत ‘बरी झाले’ म्हणू नका.

एवढं बोलून थांबते. आता ज्यांचा खांदा दुखतो त्यांनी पुढे या, ट्यूबचे तुकडे मी बरोबर आणले आहेत.